वाहन चालविताना भ्रमणध्वनी नको

रायगड जिल्ह्यातील पनवेल हे महामार्गांचे मोठे नाके होय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा प्रारंभ शहरालगतच्या कळंबोलीपासून होतो. गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ पनवेलहून निघतो आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील मालाचे ट्रेलर याच परिसरातून ये-जा करतात. अशा वर्दळीत चालकाचे क्षणभराचे दुर्लक्षही अनेकांच्या जिवावर बेतू शकते.

हिशेब साधा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. भ्रमणध्वनीवरील संदेश वाचण्यासाठी चालकाने ३ सेकंद नजर खाली वळविली, तर ती ८३ मीटर अंतर जणू डोळे मिटून कापते. जुन्या महामार्गावरील दुचाकी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असली, तरी तेवढ्याच वेळात ती ४० मीटरांहून अधिक पुढे गेलेली असते.

शिरस्त्राणात फोन खोचला किंवा कानात यंत्र बसविले की धोका टळला, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. हात मोकळे राहिले, तरी मन संभाषणात गुंतलेलेच असते. कॅनडातील टोरांटो येथील चालकांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फोनवर बोलताना अपघाताचा संभव सुमारे चौपट होतो आणि हात मोकळे ठेवणाऱ्या साधनांनी तो कमी होत नाही, असे आढळले.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार, वाहन चालविताना फोन हाती घेऊन वापरणे हे धोकादायक वाहनचालन ठरते. पहिल्या अपराधास १ हजार ते ५ हजार रुपये दंड, ६ महिने ते १ वर्ष कारावास, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मार्गदर्शक नकाशा पाहण्याची मुभा आहे. तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

तथापि, हे कर्तव्य केवळ चालकाचे नाही. “कोठवर आलात?” असे वारंवार विचारणारे कुटुंबीय आणि माल केव्हा पोहोचेल म्हणून तगादा लावणारे वाहनमालक यांनीही संयम पाळावा. निघण्यापूर्वी निरोप द्यावा, फोन सहप्रवाशाकडे सोपवावा आणि बोलणे अगत्याचे असल्यास पेट्रोल पंपावर किंवा अधिकृत थांब्यावर वाहन उभे करावे. दुसरा गाडी चालवीत आहे असे कळताच संभाषण थांबविणे, ही प्रत्येक नागरिकाला सहज करता येण्याजोगी रस्ता सुरक्षेची सेवा आहे.