‘सर्वांसाठी खुले’ म्हणजे नेमके काय? – चंक्रमण, मोफत योगवर्ग आणि आपण



या वेळचा अभ्यासपाठ एका रक्ततपासणीपासून सुरू करतो. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या लोकांना एनएचएस दर पाच वर्षांनी मोफत आरोग्य तपासणीला बोलावते. मी दोनदा ते पत्र बाजूला ठेवले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा माझा एचबीए१सी ४४ निघाला. ४२ ते ४७ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. नर्सने शांतपणे आणखी एक आकडा सांगितला. वजन-उंचीचा जो बीएमआय गोऱ्या लोकांसाठी २५ पर्यंत ठीक मानतात, तो आपल्या दक्षिण आशियाई शरीरांसाठी २३ लाच धोक्याची खूण मानतात. मी २६ वर होतो. दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर, वर शनिवार-रविवार कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवण. यात आश्चर्य काहीच नव्हते. बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले हे आपण दर ६ डिसेंबरला भाषणात सांगतो. त्यानंतर गुलाबजामचे ताट फिरते.

आता धम्माकडे वळू. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. हा राजा एका वेळी द्रोणभर भात जेवायचा. एकदा तो असाच भरपेट जेवून धापा टाकत भगवंतांपाशी येऊन बसला. भगवंतांनी त्याला उपवास सांगितला नाही की अमुक पदार्थ पाप आहे असेही म्हटले नाही. भान ठेवून जेवणाऱ्याला त्रास कमी होतो आणि त्याचे वय सावकाश उतरते, एवढ्याच अर्थाची एक गाथा सांगितली. राजाने मागे उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखवायचे काम दिले, दिवसाला शंभर कहापण देऊन. आमच्या भाषेत हा पगारी रिमाइंडर! हळूहळू राजा एका नाळीभर भातावर आला आणि त्याचे अंग हलके झाले. या सुत्तात मला आवडते ते असे की राजाने स्वतःच्या निश्चयावर भरवसा ठेवला नाही, दुसऱ्या माणसाची मदत घेतली. एकट्याने वजन उतरवायचे ठरवून जानेवारीत जिमचे पैसे भरणाऱ्या आणि मार्चमध्ये जाणे सोडणाऱ्या सगळ्यांनी (मी धरून) हे सुत्त वाचावे.

दुसरे सुत्त अंगुत्तर निकायातले, चंक्रमणाचे. चालण्याचे पाच फायदे तिथे सांगितले आहेत: लांबचा प्रवास झेपतो, परिश्रम करता येतात, प्रकृती चांगली राहते, खाल्लेले नीट पचते आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. पाचापैकी चार फायदे सरळ शरीराचे आहेत, हे लक्षात घ्या. ‘आपला धम्म मनाचा, व्यायाम वगैरे दुय्यम’ असे कुणी म्हणाले तर हे सुत्त पुढे करा. आज एनएचएस मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते आणि त्यात भरभर चालणेही धरते. पाच दिवस अर्धा-अर्धा तास, एवढाच तो हिशेब.

मग योगाचे काय? हा प्रश्न आपल्या बैठकीत हमखास येतो, थोडा तिरकसपणेही येतो: ‘ते त्यांचे आहे ना?’ माझे मत स्पष्ट सांगतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनीच सिद्धार्थ गौतम आळार कालामाकडे आणि उद्दक रामपुत्ताकडे ध्यानमार्ग शिकल्याचे सांगितले आहे. सिद्धार्थाने आधी शिकून घेतले, पारखले आणि अपुरे वाटले तेव्हा पुढे गेला. पाठ वाकवणे, खांदे मोकळे करणे, श्वासाकडे लक्ष देणे ही कुणाची खासगी मालमत्ता नव्हे. वर्गात मंत्र किंवा प्रार्थना असेल आणि ती तुम्हाला पटत नसेल तर गप्प बसा. कुणी आग्रह केलाच तर उठून या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला कंबरदुखीचा व्यायाम वर्ज्य नाही. गुडघ्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर मात्र आधी जीपीला विचारा, व्हॉट्सअॅपला नको.

आता ‘मोफत’ या शब्दाकडे येऊ, कारण त्यात दानपारमितेचा पाठ आहे. हेरफर्डशायरमध्ये गोयंका गुरुजींच्या परंपरेचे धम्मदीप केंद्र आहे. तिथे दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराची फी नाही, राहण्या-जेवणाचेही पैसे नाहीत. शिबिर पूर्ण केल्यावरच दान स्वीकारतात. म्हणजे तुम्ही खाल्लेला घास आधीच्या कुणीतरी दिलेला असतो आणि तुम्ही दिलेला पुढच्याला मिळतो.

दुसरे उदाहरण धम्माच्या बाहेरचे आहे, पण मला तेही तितकेच जवळचे वाटते. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी १३ जण पाच किलोमीटर धावले. आज पार्करन नावाने तोच उपक्रम देशभरच्या बागांत दर शनिवारी सकाळी चालतो, एक पैसाही न घेता आणि स्वयंसेवकांच्या बळावर. २०१६ मध्ये ब्रिस्टलजवळच्या स्टोक गिफर्ड पॅरिश कौन्सिलने लिटल स्टोक पार्कसाठी पैसे मागितले. आयोजकांनी ते ठिकाण बंद होऊ दिले, पण धावणाऱ्यांकडून शुल्क घेण्याची सुरुवात केली नाही. शिवाय तिथे एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालत येतो. त्यामुळे शेवटचा नंबर नेहमी त्याचाच. पन्नाशीच्या, कधीही न धावलेल्या आपल्या ताई-भाऊंना मी हेच सांगून तिथे नेतो. धावू नका, चालतच चला.

‘सर्वांसाठी खुले’ हे शब्द मात्र ‘मोफत’ पेक्षा अवघड आहेत, आणि ते आपल्याला इतिहासाने शिकवले आहे. १९२३ मध्ये बोले ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. कागदावर ते खुले होते. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या माणसांना तिथले ओंजळभर पाणी घेता आले नव्हते, आणि घेतल्यावर मार खावा लागला. पाटी लावल्याने जागा खुली होत नाही, हे आपल्यापेक्षा चांगले कोणाला ठाऊक?

तरीही आमच्याकडून काय झाले ते सांगतो. आमच्या गटाने एक कम्युनिटी हॉल भाड्याने घेऊन शनिवारचा मोफत वर्ग सुरू केला: पंचवीस मिनिटे आसने, वीस मिनिटे आनापान, मग चहा. पत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘सर्वांसाठी खुले’. दोन महिने आमचीच सहा कुटुंबे येत होती. शेजारच्या रस्त्यावरच्या एक सोमाली आजी एकदा आल्या. सूचना सगळ्या मराठीत, त्या बिचाऱ्या इतरांकडे बघून हात वर-खाली करत राहिल्या. पुन्हा दिसल्या नाहीत. मग नुकताच भारतातून आलेला एक मराठी तरुण आला. चहाच्या वेळी आमच्यातल्याच एकाने विचारले, ‘गाव कुठलं? आडनाव काय?’ मी शेजारीच उभा होतो. त्या मुलाने कप खाली ठेवला आणि क्षणभर थांबून फक्त स्वतःचे नाव सांगितले. तो आपल्यापैकी होता की नव्हता हे मला आजही माहीत नाही, कारण पुढच्या शनिवारी तो आला नाही. ज्या प्रश्नाने आपल्या आईवडिलांना भाड्याची खोली नाकारली, तोच प्रश्न आम्ही आमच्या दारात विचारला होता. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, हे मला माहीत आहे. त्या मुलाला ते कसे कळणार?

त्या रात्री गटात बराच वाद झाला. काही जणांचे म्हणणे, आपल्या माणसांना चार घटका मराठीत बोलता येईल अशी दुसरी जागा इथे कुठे आहे? त्यात तथ्य आहे. म्हणून आम्ही दोन्ही ठेवले. वर्गातल्या सूचना इंग्रजीत आणि हाताच्या खुणांनी. वंदना व मराठी गप्पा वर्ग संपल्यावर, ज्यांना थांबायचे त्यांच्यासाठी. वहीत फक्त पहिले नाव. जमिनीवर बसता न येणाऱ्यांसाठी आठ खुर्च्या. चहाला साखर वेगळ्या वाटीत. दारापाशी आळीपाळीने एक जण उभा राहतो आणि त्याने गाव विचारायचे नाही, ‘पाठ दुखते का, गुडघे कसे आहेत’ एवढेच विचारायचे. चालणे झेपणाऱ्यांना घेऊन महिन्यातून एकदा आम्ही प्रिमरोझ हिलवर मूक चंक्रमण करतो आणि तिथून उतरून किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरी जातो, जिथे १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहत होते.

सोमाली आजींच्या घरी आमच्यातल्या दोन ताई जाऊन आल्या. आता त्या येतात, सोबत सुनेलाही आणतात आणि खिडकीजवळची खुर्ची त्यांची ठरलेली आहे. माझा एचबीए१सी मागच्या तपासणीत ४१ होता. तो तरुण अजून आलेला नाही.