'ज्याचा' आणि 'हूज'

'ज्याच्या हाती ससा तो पारधी' ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. हिच्यातील 'ज्याच्या' हा शब्द एकाच वेळी दोन कामे करतो. तो दोन वाक्ये जोडतो आणि हात कोणाचा, तेही सांगतो. 'जो' या संबंधी सर्वनामाचे हे षष्ठीचे रूप होय.

मराठीत या रूपाला दोन तोंडे असतात. 'जिचा भाऊ सैन्यात आहे, ती मुलगी' या रचनेत 'जि' हा भाग मुलीकडे पाहतो, तर 'चा' हा प्रत्यय भावाकडे. मुलगी जाऊन मुलगा आला, की 'जिचा'चे 'ज्याचा' होते. भाऊ जाऊन बहीण आली, की 'जिची' होते. इंग्रजीत मात्र या सर्वांच्या जागी 'हूज' हा एकच शब्द येतो. तो लिंग दाखवीत नाही, वचनही दाखवीत नाही. म्हणून तेथे शब्दाच्या जागेला फार महत्त्व असते.

समजा, चोरीच्या तक्रारीचा अर्ज इंग्रजीत लिहावयाचा आहे. त्यात 'द मदर ऑफ द बॉय हूज मनी वॉज स्टोलन' असे शब्द आले. पैसे कोणाचे गेले, आईचे की मुलाचे? वाचणारा 'हूज' हा शब्द जवळच्या नामाशी जोडतो, म्हणजे मुलाशी. पैसे आईचे असतील, तर 'द बॉयज मदर, हूज मनी वॉज स्टोलन' असे लिहावे. मराठीत 'जिचे' किंवा 'ज्याचे' म्हणताच शंका फिटते. अर्थात, मुलगा आणि बाप असे दोन्ही पुरुषच असले, तर मराठीचाही इलाज चालत नाही. तेथे सरळ 'बापाचे पैसे' म्हणणेच बरे.

मराठीत संबंधी वाक्य बहुधा आधी येते आणि 'तो' मागाहून. त्या सवयीने विद्यार्थी 'हूज ब्रदर इज इन द आर्मी, दॅट गर्ल' असे लिहून जातो. ही इंग्रजी रचना नव्हे. तेथे 'द गर्ल' आधी यावी आणि 'हूज' तिच्या पाठोपाठ. उलट, 'तो मुलगा, ज्याचे वडील शिक्षक आहेत, आजारी आहे' हे वाक्य मराठी कानाला परके लागते. 'ज्या मुलाचे वडील शिक्षक आहेत, तो आजारी आहे' ही खरी मराठी धाटणी.

लेखनात आणखी एक फसगत होते. 'हू इज' याचे संक्षिप्त रूपही कानाला 'हूज'च ऐकू येते. परंतु त्यात 'ओ' आणि 'एस' यांच्यामध्ये वर अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह असते. षष्ठीच्या 'हूज'मध्ये ते चिन्ह नसते. शेवटी 'एस'पुढे 'ई' असते. शंका आल्यास त्या जागी 'हू इज' घालून वाक्य वाचून पाहावे. अर्थ लागला, तर चिन्ह द्यावे.

'हूज' केवळ माणसांसाठी वापरावे, वस्तूंसाठी नव्हे, असेही काही जण सांगतात. हा नियम फारसा टिकणारा नाही. मिल्टनने 'पॅरडाइज लॉस्ट' या १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या महाकाव्याच्या आरंभीच निषिद्ध वृक्षाच्या फळाविषयी लिहिताना 'हूज' योजले आहे. १९२६ साली निघालेल्या आपल्या प्रसिद्ध कोशात फाउलर यांनीही या प्रयोगाचा पुरस्कार केला. 'द हाउस हूज रूफ लीक्स' म्हणजे 'ज्याचे छप्पर गळते ते घर'. त्याऐवजी 'द हाउस द रूफ ऑफ विच लीक्स' असे लिहिल्यास चूक होत नाही, पण वाक्य अडखळते.