मालमोटारींचा काळा धूर

बीडहून सोलापुराकडे जाणारा राजमार्ग पालीजवळून जातो व पुढें मांजरसुंब्याचा घाट चढतो. त्या चढावर काळ्या धुराचे लोट सोडीत चाललेल्या मालमोटारी आपल्या विद्यार्थ्यांनीं अनेकदां पाहिल्या असतील. "गाडींत जोर आहे, म्हणून धूर निघतो," असें कित्येक लोक कौतुकानें म्हणतात. ही समजूत कितपत खरी, तें पाहूं.

रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्याचें इंजिन १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें यशस्वी झालें. त्यांत पेट्रोलच्या इंजिनासारखी ठिणगी नसते. दट्ट्या नळकांड्यांतील हवा मूळ आकारमानाच्या सुमारें सोळाव्या हिश्शापर्यंत दाबतो. त्यामुळें ती ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते आणि तींत तुषाररूपानें सोडलेलें डिझेल आपोआप पेटतें. (सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें बंद करून दांडा जोरानें दाबीत राहिल्यास पंप कसा तापतो, हें घरीं करून पाहावें.)

एक किलो डिझेल पुरतें जळण्यास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते. पण क्षणार्धांत दोहोंचें मिश्रण सर्वत्र सारखें होत नाहीं. म्हणून प्रत्यक्षांत हवा याहून बरीच अधिक असावी लागते. ती अपुरी पडली, कीं डिझेलमधील कार्बन न जळतां काजळीच्या रूपानें बाहेर पडतो. रॉकेलच्या कंदिलाची वात फार वर चढविली असतां कांच काळी होते, तोच हा प्रकार!

आतां कांहीं मेस्त्री गाडी 'ट्यून' करतात म्हणजे काय करतात? जुन्या गाडींत पंपाचा स्क्रू फिरवून, नव्या गाडींत संगणकाची आज्ञावली बदलून, कारखान्यानें ठरविलेलें डिझेलचें माप वाढवितात. हवा मात्र त्या मानानें वाढत नाहीं. जोर थोडासा वाढतो, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु मालकानें पैसे मोजून घेतलेल्या डिझेलचा कांहीं भाग धूर होऊन उडून जातो, आणि अति उष्णतेनें दट्ट्या खराब होण्याचें भय राहतें तें निराळेंच. ह्याला मी तरी सुधारणा म्हणणार नाहीं.

सर्वच काळा धूर ट्यूनिंगमुळें येतो, असें मात्र नव्हे. आपल्याकडील धुळीनें हवेची गाळणी तुंबते, डिझेलचे तुषार सोडणारें नोझल झिजतें, किंवा बोजा बेसुमार भरलेला असतो. धूर निळसर असेल, तर बहुधा वंगणाचें तेल जळत असतें.

दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांचीं कुटुंबें मुलाबाळांसह ट्रक-ट्रॅक्टरांत बसून कारखान्यांकडे निघतात. पुढल्या गाडीचा धूर मागील उघड्या गाडींतील मुलें तासन् तास घेत असतात. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं जाहीर केलें. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या 'बीएस-६' नियमांमुळें नव्या मालमोटारींत काजळी अडविणारी गाळणी असते. धंद्याच्या लोभानें तीहि काढून टाकणारे आढळतात.

ज्या पालकांच्या गाड्या आहेत, त्यांनीं धूर दिसतांच प्रथम हवेची गाळणी पाहावी, मग नोझल तपासावें, आणि शेवटीं पंपाचें माप मूळ खुणेवर आणून घ्यावें.