वेळेआधीचा बर्फ

[हिवाळ्याच्या सुरुवातीलाच पडणारा बर्फ काश्मीरमधील बागांचे नुकसान कसे करतो, त्याचा अंदाज शास्त्रज्ञ कसा बांधतात आणि त्या थंडीचा आपल्या महाराष्ट्राशी काय संबंध आहे, हे या पाठात सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, 'बर्फ' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत तो आहे आणि मराठीतही तोच आहे. फरक एवढाच, की उर्दूत बर्फ 'गिरती है' आणि मराठीत तो 'पडतो'. 'हवा', 'जमीन', 'अंदाज', 'नुकसान' हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. या ओळखीच्या शब्दांचा हात धरून आपण आज काश्मीरला जाऊ या.

काश्मीरमध्ये कडाक्याच्या थंडीचे तीन भाग मानतात. पहिला भाग २१ डिसेंबरला सुरू होतो व चाळीस दिवस चालतो. त्याला 'चिल्लई कलाँ' म्हणतात. 'चिल्ला' म्हणजे चाळीस दिवसांचा काळ, हे तुम्ही जाणताच. 'कलाँ' म्हणजे मोठा. त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा' येतो. 'खुर्द' म्हणजे लहान. आपल्याकडेही एकाच नावाची दोन गावे असली, की एकाला 'खुर्द' आणि दुसऱ्याला 'बुद्रुक' म्हणतात. त्यातला 'खुर्द' हाच, आणि 'बुद्रुक' म्हणजे तुमचा 'बुजुर्ग'!

चिल्लई कलाँमध्ये बर्फ पडला, की काश्मिरी लोकांना आनंद होतो. ते एकमेकांना 'शीन मुबारक' म्हणतात. काश्मिरी भाषेत 'शीन' म्हणजे बर्फ. हा आनंद उगाच नाही. डोंगरावर साठलेला बर्फ उन्हाळ्यात हळूहळू वितळतो. त्याचे पाणी नदीनाल्यांना, भाताच्या शेतांना आणि फळबागांना मिळते. म्हणजे हिवाळ्यातला बर्फ हे उन्हाळ्याचे साठवलेले पाणीच असते.

पण हाच बर्फ नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडला तर? तर तो बागाईतदाराच्या डोळ्यांत पाणी आणतो. असे का होते, ते पाहा. सफरचंदाच्या झाडाची पाने थंडी वाढेल तशी गळून जातात. डिसेंबरअखेर झाड उघडे होते. त्या वेळी पडलेला बराचसा बर्फ फांद्यांमधून खाली जातो. परंतु नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाडावर पाने असतात. काही झाडांवर उशिरा पिकणारी फळेही असतात. तेव्हा प्रत्येक पान एखाद्या लहान थाळीसारखे बर्फ धरून ठेवते. शिवाय या दिवसांत हवा फार थंड नसते, त्यामुळे पडणारा बर्फ ओला आणि चिकट असतो.

त्याचे वजन किती असते? एक सोपा हिशोब करू. कोरडा, भुसभुशीत बर्फ १० सेंटिमीटर साचला आणि वितळला, तर त्याचे साधारण १ सेंटिमीटर पाणी होते. एक चौरस मीटर जागेवरचे हे पाणी १० लिटर भरते, म्हणजे त्याचे वजन १० किलो होते. ओल्या बर्फाचे वजन याहून जास्त असते. आता कल्पना करा, की मोठ्या झाडाच्या सगळ्या पानांवर आणि फांद्यांवर असा बर्फ रात्रभर साचला आहे. मग फांदी कडकन मोडते. कधी कधी तर झाड बुंध्यापासून दुभंगते.

काश्मीरने हे अलीकडच्या काळात अनेकदा पाहिले आहे. ३ नोव्हेंबर २०१८ रोजी तेथे वेळेआधी बर्फ पडला आणि सफरचंदांच्या बागांचे मोठे नुकसान झाले. पुढच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर २०१९ रोजी, पुन्हा जोराचा बर्फ पडला. झाडे मोडली, वीज गेली आणि जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद झाला. २०२१ मध्ये तर ऑक्टोबरमध्येच शोपियान आणि कुलगाम या भागांतील बागांवर बर्फ कोसळला. फळ गेले, तर एका वर्षाची कमाई जाते. झाड गेले, तर नवे झाड लावून ते मोठे होईपर्यंत कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. म्हणून येथे प्रश्न एका रात्रीचा नसतो. तो घराच्या पोटापाण्याचा असतो.

मग हा बर्फ येतो कोठून? नकाशात भूमध्य समुद्र शोधा. उर्दूच्या भूगोलात त्याला बहीरा-ए-रूम म्हणतात. त्या समुद्राच्या बाजूला हिवाळ्यात हवेचे कमी दाबाचे पट्टे तयार होतात. आकाशात खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहत असतात. ते वारे या पट्ट्यांना इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान ओलांडून आपल्या देशाच्या उत्तर भागात आणतात. वाटेत त्यांना कॅस्पियन समुद्राचे आणि कधी आपल्या अरबी समुद्राचेही बाष्प मिळते. हिमालयाला अडून ही हवा वर चढते, थंड होते आणि पाऊस किंवा बर्फ पाडते. अशा पट्ट्याला 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात. विक्षोभ म्हणजे खळबळ. हिवाळ्यात महिन्याला साधारणपणे चार ते सहा पश्चिमी विक्षोभ येतात. सगळेच जोरदार नसतात. काही नुसते ढग आणून निघून जातात.

हा पाहुणा दुरून येतो, म्हणूनच त्याची चाहूल आधी लागते. उपग्रह त्याच्या ढगांची चित्रे पाठवतात. हवामान केंद्रांतून पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाच या सुमारास मोठे फुगे आकाशात सोडतात. फुग्याला एक लहान यंत्र बांधलेले असते. ते वर जाता जाता प्रत्येक थरातील तापमान, आर्द्रता आणि दाब जमिनीवर कळवते. ढग जवळ आले, की रडार त्यांच्यातील पाण्याचा आणि बर्फाचा माग काढते. ही सगळी माहिती मोठ्या संगणकात भरतात. संगणक लाखो गणिते करून उद्या-परवाची हवा कशी असेल ते सांगतो.

तरीसुद्धा बर्फाचा अंदाज बांधणे पावसाच्या अंदाजापेक्षा अवघड असते. ढग येणार हे कळले, पण त्यातून पाऊस पडेल की बर्फ, हे एक-दोन अंशांवर ठरते. आपण जसजसे उंच जातो तसतशी हवा थंड होत जाते. दर एक हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे आणि गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर. म्हणजे श्रीनगरला ४ अंश सेल्सिअस तापमान असेल, तर गुलमर्गला ते शून्याखाली ३ अंशांच्या आसपास असू शकते. एकाच वेळी, एकाच ढगातून श्रीनगरला पाऊस आणि गुलमर्गला बर्फ! आणि श्रीनगरचेच तापमान आणखी तीन-चार अंशांनी उतरले, तर? तर शहरातही बर्फ पडेल.

म्हणूनच 'काश्मीरमध्ये बर्फ पडेल' एवढे सांगून भागत नाही. कोणत्या जिल्ह्यात, किती उंचीच्या वर आणि केव्हा, हे सांगावे लागते. यालाच प्रादेशिक अंदाज म्हणतात. या कामात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने एक नवी अंदाज पद्धती तयार केली. तिचे नाव 'भारत फोरकास्ट सिस्टीम'. मे २०२५ मध्ये ती देशासाठी सुरू झाली. चौकडीच्या वहीप्रमाणे ती जमिनीचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाचे गणित करते. आधीचे चौकोन बारा किलोमीटरचे होते. पण डोंगराळ मुलखात सहा किलोमीटरच्या आत दरीही असते आणि शिखरही असते. म्हणून संगणकाच्या उत्तरावर अनुभवी शास्त्रज्ञाची नजर फिरावी लागते.

पुणे आणि बर्फाचे शिमला यांचेही एक जुने नाते आहे. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. पुढे त्याची मुख्य कचेरी शिमल्याला होती. ती १९२८ साली पुण्यास आणली गेली. मुख्य कचेरी १९४४ साली दिल्लीला गेली. पण शिवाजीनगरातील त्या इमारतीला पुणेकर अजूनही 'शिमला ऑफिस' म्हणतात.

अंदाज तयार झाला, की हवामान विभाग रंगांच्या भाषेत इशारा देतो. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे ताबडतोब पावले उचला. बर्फाचा इशारा मिळाला, की बागाईतदार झाडावरची तयार फळे उतरवून घेतो. वाकलेल्या फांद्यांना लाकडाचे टेकू देतो. बर्फ पडू लागला, की काठीने फांद्या हलक्या हाताने हलवून तो झाडून टाकतो. दोन दिवसांची सवड मिळाली, तर घरातील सगळी माणसे मिळून बरीच झाडे वाचवू शकतात.

एखाद्या वेळी अंदाज चुकतो. मग काही लोक म्हणतात, "हे रोजच असे सांगतात!" आणि पुढचा इशारा कानाआड करतात. मुलांनो, हे बरोबर नाही. हवामानाचा अंदाज हे भविष्य नव्हे. तो हिशोब आहे. टेकू लावले आणि बर्फ पडला नाही, तर थोडी मेहनत वाया जाते. टेकू लावले नाहीत आणि बर्फ पडला, तर बाग जाते. कोणते नुकसान परवडेल, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

आता तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे कुठे बर्फ पडतो?" खरे आहे. पण त्या बर्फाची थंडी मात्र आपल्या दारापर्यंत येते. पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला, की त्याच्या मागे उत्तरेकडचे थंड, कोरडे वारे खाली वाहू लागतात. आपले आकाश निरभ्र होते. ढग असले, तर ते रात्री गोधडीसारखे जमिनीची ऊब धरून ठेवतात. ढग नसले, तर ती ऊब आकाशात निघून जाते आणि पहाटे पारा घसरतो. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी झाले आणि ते नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असले, तर हवामान विभाग त्याला 'थंडीची लाट' म्हणतो.

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका अशा थंडीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे द्राक्षांच्या बागा आहेत. कडाक्याच्या थंडीने द्राक्षमण्यांची वाढ खुंटते आणि मण्यांना तडे जातात. म्हणून थंडीच्या पहाटे शेतकरी बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, तर काही जण बागेला पाणी देतात. काश्मीरचा बागाईतदार रात्री फांद्यांवरचा बर्फ झाडतो, निफाडचा शेतकरी पहाटे शेकोटी पेटवतो. दोघांचे फळ वेगळे, भाषा वेगळी. पण दोघेही एकाच बातमीची वाट पाहत असतात.

तुम्हीही ही बातमी ऐकत जा. मालेगाव असो, जळगाव असो की परभणी असो, हिवाळ्यात रोज आपल्या गावाचे किमान तापमान वहीत लिहा. शेजारी श्रीनगरचे तापमान लिहा. तेथे बर्फ पडल्यावर किती दिवसांनी आपल्याकडे थंडी वाढते, ते स्वतः पडताळून पाहा. आणि थंडीच्या लाटेचा इशारा ऐकलात, तर घरातील दादा-दादींना आणि लहान भावंडांना आधी सांगा. त्यांच्यासाठी वेळेवर काढलेली एक रजाई, हाही त्या अंदाजाचा चांगला उपयोगच आहे.

शब्दार्थ
बागाईतदार – बागेचा मालक, बागबान
बुंधा – झाडाचा जमिनीलगतचा जाड भाग
बाष्प – पाण्याची वाफ
चाहूल – येण्याची आधी लागणारी खूण, आहट
आर्द्रता – हवेतील ओलावा, नमी
टेकू – आधारासाठी लावलेले लाकूड
निरभ्र – ढग नसलेले

वाक्प्रचार
पोटापाण्याचा प्रश्न असणे – जगण्याचा, रोजीरोटीचा प्रश्न असणे
कानाआड करणे – ऐकून न ऐकल्यासारखे करणे
वाढ खुंटणे – वाढ थांबणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'चिल्लई कलाँ' किती दिवसांचा असतो?
(आ) हवामान विभागाची मुख्य कचेरी शिमल्याहून पुण्यास कोणत्या साली आली?
(इ) नारंगी इशाऱ्याचा अर्थ काय?
२. कारणे लिहा.
(अ) नोव्हेंबरमधील बर्फाने सफरचंदाच्या फांद्या मोडतात.
(आ) आकाश निरभ्र असले, की पहाटे थंडी वाढते.
३. श्रीनगरला २ अंश सेल्सिअस तापमान असेल, तर गुलमर्गला अंदाजे किती असेल? हिशोब करून सांगा.
४. 'अंदाज हे भविष्य नव्हे. तो हिशोब आहे.' या वाक्याचा अर्थ चार-पाच ओळींत स्पष्ट करा.
५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले आणखी पाच शब्द या पाठातून शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.