व्यवस्थापन वर्गात शिकता येतं का?

बारावीचा निकाल लागला की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "बीबीए, मग एमबीए केलं की मॅनेजर होईल ना?" फी लाखांत जाते, म्हणून उत्तर स्पष्टच देते. हिशेब, कायदा, बाजाराचा अभ्यास वर्गात उत्तम शिकता येतो. माणसं सांभाळणं आणि अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणं मात्र जबाबदारी अंगावर पडल्यावरच येतं.

दापोली तालुक्यातलं आंजर्ले घ्या. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. कासवांचं रक्षण करणारे कासवमित्र ती सुरक्षित हॅचरीत हलवून तारीख नोंदवतात. साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. ती पाहायला येणारे पर्यटक होमस्टेवाल्यांना विचारतात, "शनिवारी नक्की दिसतील ना?" नक्की कुणीच सांगू शकत नाही. 'हो' म्हणून खोली भरायची, की खरं सांगून बुकिंग गेलं तरी चालवून घ्यायचं? घरातली जी मुलगी हा फोन घेते, ती मागणीचा अंदाज, आगाऊ रकमेचे नियम आणि शब्दाची किंमत एकदमच शिकते.

पण होमस्टेतल्या जेवणाच्या एका थाळीमागे किती पैसे सुटतात, हे तिला सांगता येईल का? गॅस, घरच्यांची मेहनत, पावसाळ्यातल्या रिकाम्या खोल्या धरून हिशेब मांडायला वर्गच उपयोगी पडतो. कॅनडाचे व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री मिंट्झबर्ग यांनी 2004 मधल्या पुस्तकात हेच मांडलं: वर्गात मॅनेजर घडत नाही, आधीच काम करणाऱ्याला मात्र वर्गाचा मोठा फायदा होतो.

म्हणून क्रम असा ठेवा:

- एमबीएला कुठल्याही शाखेची पदवी चालते. एआयसीटीईची मान्यता असलेल्या बीबीए, बीएमएसलाच जायचं असेल, तर 2024 पासून राज्याची सीईटी द्यावी लागते.
- सुट्टीत मुलांवर एक काम पूर्ण सोपवा: आंब्याच्या पेट्यांची विक्री किंवा खोल्यांचं बुकिंग. हिशेबाची वहीही त्यांच्याकडेच द्या.
- पदवीनंतर दोन वर्षं नोकरी करू द्या, मग एमबीए.
- कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. इंटर्नशिप कुठे मिळते, नोकऱ्या कुठे लागल्या, हे माजी विद्यार्थ्यांना विचारा.

पालकहो, फीची तजवीज करताय, तसा मुलांवर विश्वासही टाका. पहिल्या हंगामात थोडं नुकसान झालं तर रागावू नका. कुठे चुकलं ते त्यांच्याकडूनच समजून घ्या.