मेंढ्यांनी राखलेली वाट : तार्न खोऱ्यातील सायकल-भ्रमंतीचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

दक्षिण फ्रान्समधील तार्न नदीचे खोरे हे सायकलने हिंडणाऱ्यांचे आज एक आवडते ठिकाण आहे. तेथे येणारे कित्येक सायकलस्वार डांबरी सडक मुद्दाम टाळतात आणि खडीच्या, मुरमाच्या, मातीच्या वाटा धरतात. या प्रकाराला ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ असे नाव पडले आहे. त्याविषयी लिहिणारे बहुधा कड्यांचे, पाण्याचे आणि पाखरांचे वर्णन करतात. ते वर्णन खोटे नाही. परंतु ज्या वाटेवरून सायकल जाते ती वाट तेथे आली कशी आणि आजवर उरली कशी, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१. खोरे आणि पठारे

तार्न नदी मों लोझेर या ग्रॅनाइटच्या पर्वतावर उगम पावते आणि सुमारे ३८० कि.मी. वाहत जाऊन गारोन नदीला मिळते. उगमानंतर थोड्याच अंतरावर ती चुनखडीच्या प्रदेशात शिरते. ही चुनखडी ज्युरासिक काळात समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून तयार झाली. पुढे हा भूभाग वर उचलला गेला आणि नदीने तो करवतीने कापावा तसा कापून काढला. घळीची खोली काही ठिकाणी चारशे ते पाचशे मीटर भरते.

घळीच्या दोन्ही अंगांना उंच, सपाट, उघडीबोडकी पठारे आहेत. त्यांना तिकडे ‘कोस’ म्हणतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना सोव्हतेर, मेजाँ, न्वार आणि लार्झाक अशी चार मोठी पठारे लागतात. तार्न, जाँत आणि दुर्बी या तीन नद्यांनी ती एकमेकांपासून तोडली आहेत. जाँत नदी ल रोझिए या गावी तार्नला मिळते, तर दुर्बी मियो या शहरापाशी.

या पठारांचे वैशिष्ट्य असे की, त्यांच्यावर पाऊस पडतो पण पाणी थांबत नाही. चुनखडीतील भेगांतून ते सरळ पोटात उतरते आणि खाली घळीच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून खाली नदी बारमाही वाहते आणि वर मात्र ओढासुद्धा नाही. पठाराच्या पोटात पाण्याने कोरलेल्या प्रचंड गुहा आहेत. एदुआर-आल्फ्रेद मार्तेल या संशोधकाने १८८८ साली दार्जिलाँ गुहेचे संशोधन केले. १८९७ साली त्याचा सहकारी लुई आर्माँ याला मेजाँ पठारावर एक खोल विवर सापडले व त्याला त्याचेच नाव मिळाले.

अशा जमिनीत पिके कितीशी येणार? खोलगट जागी तांबडी माती साठते तेवढीच नांगराखाली येते. बाकी सारे गवत आणि दगड. मेजाँ पठारावर दर चौरस किलोमीटरला दोन माणसेदेखील राहत नाहीत. या भूमीवर जगण्याचा एकच भरवशाचा मार्ग माणसाला सापडला, तो म्हणजे मेंढी.

२. सायकल आणि खडी

आता सायकलीकडे वळू. खडीवर चालणारी ही सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी असते. हँडल तसेच खाली वळलेले. फरक चाकांत आहे. शर्यतीच्या सायकलीचे टायर अरुंद आणि कडक हवेचे असतात. हिचे टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद असतात व त्यांत हवा कमी ठेवतात. त्यामुळे टायर दगडावर उड्या मारण्याऐवजी दबतो, दगडाला धरून पुढे सरकतो आणि हातापायांना बसणारे हादरे कमी होतात. चढासाठी हलके गिअर आणि उतारासाठी डिस्क ब्रेक असतात.

हा खेळ नवा मानला जातो. त्याची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ साली इटलीतील व्हेनेतो प्रांतात झाली. परंतु थोडा विचार केला तर तो जुनाच आहे. १९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू झाली तेव्हा फ्रान्समधील बहुतेक सडका खडीच्याच होत्या. त्याही आधीपासून साँ-एतिएन येथील पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हे ‘व्हेलोसिओ’ या नावाने सायकलच्या सहलींचा व बदलत्या गिअरचा प्रचार करीत होते. डोंगराळ मुलखात सामान्य माणसाला सायकल चालवता यावी, ही त्यांची तळमळ होती. शर्यतीच्या चालकांना मात्र गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय वाटे. ‘तूर द फ्रान्स’मध्ये गिअर बदलण्याच्या यंत्रणेला सर्व स्पर्धकांसाठी परवानगी मिळाली ती १९३७ साली.

खडी या शब्दापाशी मला क्षणभर थांबावेसे वाटते. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. आमच्या घरी खडी म्हटली की आधी हाताला पडलेले घट्टे आठवतात, मग रस्ता. म्हणूनच खडीच्या वाटेवरील मौजेविषयी जेव्हा मी वाचू लागले, तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो असा की, ही वाट कोणाच्या श्रमाची?

३. वाटा कोणाच्या?

तार्नच्या घळीत नदीच्या काठाने जाणारी सडक डांबरी आहे. कडा आणि पाणी यांच्यामध्ये दुसऱ्या वाटेला जागाच नाही. सडक होण्यापूर्वी ला मालेन गावचे नावाडी माणसांची व मालाची ने-आण करीत. आज ते प्रवाशांना घळ दाखवतात. तेव्हा ज्याला खडीची वाट हवी, त्याला ला मालेन किंवा सेंत-एनिमी येथून वळणावळणाचा चढ चढून पठारावर जावे लागते. हा चढ चारशे-पाचशे मीटरांचा आहे. वर पोहोचल्यावर दृश्य एकदम पालटते. पांढऱ्या चुनखडीच्या वाटा, दोन्ही बाजूंना रचीव दगडांच्या बुटक्या भिंती, आणि जाँतच्या कड्यांवरून घिरट्या घालणारी गिधाडे. ही गिधाडे येथून नाहीशी झाली होती. १९८१ पासून ती पुन्हा सोडण्यात आली.

या वाटांपैकी सर्वांत जुन्या वाटांना ‘द्राय’ म्हणतात. उन्हाळा लागला की दक्षिणेकडील सखल प्रदेशातील गवत वाळते. तेव्हा मेंढपाळ आपले कळप घेऊन एगुआल आणि मों लोझेर या डोंगरांवरील हिरव्या कुरणांकडे निघत, आणि थंडीपूर्वी परतत. शतकानुशतके हजारो खुरांनी तुडवून या वाटा घट्ट झाल्या. पुढे शेतावर जाण्यासाठी, दूध आणण्यासाठी, कुरणांपर्यंत पोहोचण्यासाठी इतर वाटा पडल्या. फ्रान्समध्ये अशा अनेक ग्रामीण वाटा गावच्या कम्यूनच्या मालकीच्या असतात व त्या सर्वांना वापरता येतात. सायकलस्वाराला तेथे पाऊल टाकता येते ते या व्यवस्थेमुळे.

वाटेत ठिकठिकाणी उथळ, गोल, दगडांनी फरसबंद केलेली तळी दिसतात. त्यांना ‘लाव्होन्य’ म्हणतात. प्रवासी त्यांची छायाचित्रे घेतो. वास्तविक पाणी न धरणाऱ्या भूमीवर मेंढ्यांना पाणी पाजण्यासाठी माणसाने केलेली ती योजना आहे. लार्झाकवरील ला कुव्हेर्त्वाराद या तटबंदीच्या गावाबाहेर असे एक सुंदर तळे आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मेंढी चरायची थांबली तर हे उघडे माळ तसेच राहत नाहीत. ज्युनिपर व पाइन यांची झुडपे आधी कुरणे व्यापतात आणि मग वाटा. म्हणजे प्रवासी ज्याला ‘निसर्ग’ म्हणतो तो मेंढपाळाच्या रोजच्या कामाचा परिणाम आहे. २०११ साली युनेस्कोने कोस आणि सेव्हेन या सुमारे ३,००० चौ.कि.मी. प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो शेती व मेंढपाळी यांनी घडविलेला भूप्रदेश म्हणून.

मेंढपाळी टिकण्यामागे आर्थिक कारणही आहे. मेंढीच्या दुधाचे रोकफोर चीज येथील नैसर्गिक थंड गुहांत पिकवतात. १९२५ च्या कायद्याने या नावाला संरक्षण मिळाले. हे चीज नसते तर बहुतेक गोठे केव्हाच ओस पडले असते.

४. लार्झाकचा लढा

तरीही या वाटा एकदा कायमच्या बंद होण्याच्या बेतात होत्या. लार्झाकवर सुमारे ३,००० हेक्टरांची लष्करी छावणी होती. ऑक्टोबर १९७१ मध्ये संरक्षणमंत्री मिशेल दब्रे यांनी ती सुमारे १७,००० हेक्टरांपर्यंत वाढवण्याचे जाहीर केले. जमीन ओसाड आहे, माणसे थोडी आहेत, असे सरकारचे म्हणणे. मार्च १९७२ मध्ये १०३ शेतकऱ्यांनी लेखी शपथ घेतली की, आम्ही जमीन विकणार नाही.

याच महिन्यात लांझा देल वास्तो यांनी ला काव्हालरी येथे पंधरा दिवसांचे उपोषण केले आणि शेतकरी पाळीपाळीने त्यांच्याबरोबर उपाशी बसले. हे लांझा देल वास्तो कोण? जन्माने इटालियन असलेले हे लेखक १९३७ साली आपल्या वर्ध्याला येऊन महात्मा गांधींच्या सहवासात राहिले होते. गांधीजींनी त्यांना ‘शांतिदास’ हे नाव दिले. वर्ध्यात शिकलेला धडा पस्तीस वर्षांनी फ्रान्समधल्या मेंढपाळांच्या उपयोगी पडला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवली आहे.

पुढील लढा त्याच मार्गाने गेला. ऑक्टोबर १९७२ मध्ये शेतकऱ्यांनी पॅरिसला आयफेल टॉवरच्या पायथ्याशी मेंढ्या नेऊन चारल्या. १९७३ च्या जानेवारीत ट्रॅक्टर घेऊन ते राजधानीकडे निघाले. त्याच वर्षी ला ब्लाकिएर येथे, नियोजित छावणीच्या हद्दीत, परवानगी न घेता त्यांनी दगडी मेंढवाडा बांधायला घेतला. १९७८ साली ते पायी पॅरिसला गेले. अखेर १९८१ साली फ्रान्स्वा मित्तेराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि विस्ताराची योजना रद्द झाली. शांतिदास त्याच वर्षी जानेवारीत वारले होते; तो निर्णय त्यांना पाहता आला नाही.

लष्कराने आधीच घेतलेल्या जमिनीचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. सुमारे ६,३०० हेक्टर जमीन १९८५ साली शेतकऱ्यांच्याच एका संस्थेकडे दीर्घ भाडेपट्ट्याने सोपवण्यात आली. जमीन सरकारची, पण कसणार कोण हे संस्था ठरवते. नव्या, तरुण शेतकऱ्यांना जमीन विकत न घेता तेथे उभे राहता येते.

५. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, तार्न खोऱ्यातील खडीची वाट ही तीन गोष्टींनी राखली आहे : मेंढीच्या खुरांनी, गावाच्या सामाईक हक्काने आणि शेतकऱ्यांच्या निर्धाराने. मियोजवळ २००४ साली उभारलेला, ३४३ मीटर उंचीचा महासेतू अभियांत्रिकीचे आश्चर्य खराच. त्यावरून मोटार दोन-तीन मिनिटांत खोरे ओलांडते. सायकलस्वाराला तेच खोरे उतरून, चढून पार करण्यास अर्धा दिवस लागतो. परंतु तेवढ्या वेळात त्याला मेंढवाडा दिसतो, तळे दिसते आणि माणूस भेटतो. त्याच्यावर काही बंधनेही येतात : कुरणाचे फाटक उघडले तर मागे लावून घ्यावे, कळप दिसला की सायकलवरून उतरावे, राखणीच्या कुत्र्यांना बिथरवू नये. ही पाहुण्याने पाळावयाची साधी रीत आहे.

आपल्यापैकी फार थोडे जण तार्नच्या काठी जातील. तरी भूगोलाच्या किंवा इतिहासाच्या तासाला नकाशावर बारीक तुटक रेषेने काढलेली वाट दिसली, तर तिच्यावरून कोण चालत आले आणि ती कोणी बंद होऊ दिली नाही, एवढे आपण विचारावे. लार्झाकच्या जमिनीचा भाडेपट्टा आता २०८३ सालापर्यंत आहे. तोवर तरी त्या पठारावर मेंढ्या चरतील आणि सायकलीला वाट मिळेल.