खाटेशेजारी बसणाऱ्यांसाठी

घोडबंदर रोडवरच्या एका खासगी रुग्णालयात मी न्यूमोनियासाठी दाखल होतो, तेव्हा एचआयव्हीचा रिपोर्ट आला. संध्याकाळपर्यंत खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या कागदावर लाल शाईत ‘पॉझिटिव्ह’ लिहून झालं होतं. डबा घेऊन आलेल्या मेहुण्यानं ते वाचलं आणि माझ्याआधी बातमी घरी, कासारवडवलीला पोचली. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रुग्णाच्या संमतीवाचून असा बोभाटा करायला त्यात मनाई आहे. तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं; तुम्हाला असू द्या.

माझी परवानगी घेऊन डॉक्टरांनी एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) केंद्रातल्या समुपदेशक ताईंना कळवलं. त्यांनी एका दादाला पाठवलं. ‘कसा झाला?’ हे त्यानं विचारलंच नाही. खिशातून आपली गोळी काढली, माझ्यासमोर पाण्याबरोबर घेतली आणि म्हणाला, ‘‘रात्री नऊ. माझी हीच वेळ.’’ त्या एका घोटानं मला जो धीर आला, तो कुठल्याच उपदेशानं आला नसता.

आता मीही त्या दादासारखा अशा रुग्णांच्या सोबतीला वॉर्डांत जातो. या कामाला येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की नातेवाईक समोर असताना आजाराचं नाव काढू नका. जुना मित्र म्हणून जा, ऐकलेलं पोटात ठेवा.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. डेंग्यूसाठी किंवा ऑपरेशनसाठी दाखल झालेला माणूस एआरटीची बाटली घरी कपाटात लपवून येतो. घरच्यांना माहीत नसतं, डॉक्टरांना तो सांगत नाही आणि गोळी चुकत जाते. म्हणून हळूच विचारा, ‘‘गोळ्या कुठं आहेत?’’ डॉक्टरांना सांगायला त्याला तयार करा. टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं, तर एआरटीतल्या डोल्युटेग्राव्हिर या औषधाचा जादा डोस लागतो. लोह, कॅल्शियम, अँटासिड यांच्या वेळाही सांभाळाव्या लागतात. ते डॉक्टर ठरवतील, आपण डॉक्टरकी करायची नाही.

एक गोष्ट मात्र छातीठोकपणे सांगा: गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) चाचणीत सापडण्याच्या पातळीखाली टिकला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे ऐकल्यावर नवरा-बायको पुन्हा एकमेकांशी बोलू लागलेले मी पाहिले आहेत.

बाधितानंच बाधिताला आधार देणं नवं नाही. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझांना केवळ एचआयव्ही आहे म्हणून कोंडून ठेवलं होतं. सुटल्यावर त्यांनीच इतरांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली.

सरकारी एआरटी केंद्रात औषधं मोफत मिळतात. माहितीसाठी १०९७ या मोफत हेल्पलाइनवर फोन करा, आणि जमेल त्यांनी सोबतीच्या कामाला आपलं नाव जवळच्या केंद्रात द्या.